आक्का, तुमचं उसनं पुस्तक मी वाचलं

आक्का, तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या बायका तुमच्याच खोलीत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं खिडकीतलं तुमचं ते यंत्र उचललं आणि विचारलं, “ही पाटी कशाची हो शोभाताई? कुण्या लेकराची हाय का?”

मी म्हणाले, “आक्कांचं पुस्तक आहे.”

तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. तिला त्यात पुस्तक काही दिसलं नाही. पण परत ठेवताना तिनं ते पदरानं पुसून ठेवलं, आणि मला रडू फुटलं. तोवर फुटलं नव्हतं. लोक तुम्हाला घेऊन गेले तेव्हाही मी पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. बायका कुजबुजल्या, भावजय लई घट्ट मनाची. मग एका पुसण्यानं काय झालं कोण जाणे. जिनं कधी पुस्तक हातात घेतलं नाही त्या बाईनंसुद्धा तुमची वस्तू जपून ठेवली, एवढंच असेल.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही गेवराईला हायस्कुलात गणित शिकवत होतात. हे तुमचे धाकटे भाऊ. तेलगावच्या रस्त्यावरचं हे स्टेशनरी-बांगड्यांचं दुकान ह्यांचं. तुम्ही लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. सुट्टीला यायचात ती पिशवी खांद्याला लावून. मला वाटायचं, मास्तरीणबाई आहेत, साड्या असतील भारी. पिशवीत दोन साड्या आणि बाकी सगळी गेवराईच्या वाचनालयाची पुस्तकं. कपाळाला विभूती लावायची, चहा प्यायचा आणि वाचत बसायचं. मी भाजी निवडता निवडता चोरून बघायचे. वाचताना तुमचा चेहरा बदलायचा. वर्गात पोरं चळाचळा कापत असतील असा तो चेहरा, पण पुस्तकात काही आलं की ओठाचा एक कोपरा हलायचा.

पुढं तुम्ही रिटायर होऊन इथं आलात. त्यानंतर हे गेले. माझी लेक वैशाली नोकरीसाठी पुण्याला गेली. राहिलो आपण दोघी. नणंद आणि भावजय. आपण काही एकमेकींना पसंत करून आणलेल्या नव्हतो. पहिलं वर्षभर आपण मिठाच्या बरणीवरून बोललो, दाराच्या कडीवरून बोललो, आणि बाकी गप्प राहिलो.

मग तुमच्या हातांचे सांधे धरले. आधी सकाळी मूठ मिटेना, मग बोटं वाकडी व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, सांधेवात आहे, जपून राहा. तुम्ही जपून राहिलात, पण पुस्तकं जाडच्या जाड आणायचात. हातात धरवेना तेव्हा मांडीवर उशी घेऊन त्यावर पुस्तक ठेवायला लागलात. पान उघडं राहीना म्हणून त्यावर माझं लाटणं आडवं टाकायचात. मी पोळ्या करायला बसायचे आणि लाटणं सापडायचं नाही.

“आक्का, लाटणं कुठं हाय?”

“पान संपू दे.”

कणीक वाळायची, पण तुमचं पान संपायचं नाही.

मी एकदा म्हणाले होते, तुम्ही नुसत्या बसा, मी वाचून दाखवते. चार पानं वाचली असतील. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. म्हणालात, “शोभा, राग मानू नको. तू वाचतीस तवा गोष्टीतली सगळी माणसं दुकानात आल्यासारखी बोलत्यात. राजा बी रिफिल मागायला आल्यावानी वाटतो.”

मला राग आला नाही. हसूच आलं. पण त्या दिवशी लक्षात आलं, की तुम्हाला कुणी वाचून दाखवायला नको होतं. तुम्हाला एकट्यानं वाचायचं होतं. एवढी वर्षं गेवराईत भाड्याच्या खोलीत तुम्ही ज्याच्या जोरावर राहिलात, ती गोष्ट कुणाच्या हातून घ्यायची नव्हती.

वैशालीनंच फोनवर सांगितलं की पुण्यातलं एक मोठं ग्रंथालय आता ई-पुस्तकंही उसनी देतं. सभासद झालं की घरबसल्या मिळतात, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. तिनं तुम्हाला सभासद केलं आणि स्वतःचा जुना टॅब पाठवून दिला. तुम्ही तो दोन्ही तळव्यांत धरलात, ताट धरावं तसा. थोड्याच वेळात तुमचे मनगटातले सांधे सुजले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि तुमची बोटं इतकी कोरडी, की काच त्यांना ओळखेच ना. तुम्ही पान उलटायला बोट फिरवायचात आणि पान जागचं हलायचं नाही. शेवटी तुम्ही तो माझ्या हातात दिलात. “हे यंत्र मला मेलेली समजतंय,” म्हणालात.

मग वैशाली म्हणाली, फक्त वाचण्यासाठी वेगळं यंत्र मिळतं. ई-रीडर म्हणतात. कागदासारखं दिसतं, डोळ्यांवर चमकत नाही, वजनाला हलकं असतं. झालं, तुमच्यातली गणिताची बाई जागी झाली. मी म्हटलं, सगळ्यात स्वस्त असेल ते मागवू आणि मोकळं होऊ. तुम्ही म्हणालात, “स्वस्त कावून? मला चालंल तेच स्वस्त. न चालणारं फुकट मिळालं तरी महाग.” तुमच्या अटी ठरलेल्या होत्या. एका तळहातावर राहिलं पाहिजे. पान उलटायला काचेवर बोट फिरवायला नको, कडेला बटण पाहिजे. जोडाक्षरं मोडता कामा नयेत. आणि या सगळ्याच्या आधी, त्या ग्रंथालयाचं पुस्तक त्यात उघडलं पाहिजे.

आपण बीडला गेलो ते आठवतं? तुमचा हट्ट, की हातात घेतल्याशिवाय घ्यायचं नाही. यष्टीत खिडकीची जागा तुम्हाला दिली. रस्त्याच्या कडेनं कापूस फुटलेला होता आणि तुम्ही मला ई-रीडरमधल्या शाईचं शास्त्र समजावून सांगत होतात. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण तुम्ही माझ्याशी इतकं सलग कधी बोलला नव्हतात, म्हणून मी मान हलवत राहिले.

मोबाईलच्या दुकानात तो माणूस म्हणाला, “मावशी, ई-रीडर कोण ठेवतंय बीडमधी? हा टॅब घ्या. पुस्तक वाचा, पिक्चर बघा, नातवाशी व्हिडिओवर बोला.”

“मला पिक्चर बघायचा न्हाई,” तुम्ही म्हणालात. “हे उन्हात दिसतं का?”

“दिसतं की.”

तुम्ही तो टॅब घेऊन सरळ दुकानाच्या पायरीवर गेलात. तो बिचारा मागं मागं. तुम्ही टॅब उन्हात धरला, बराच वेळ पाहिला आणि त्याच्या हातात परत दिला. “यात मला मीच दिसतीय,” म्हणालात. “मला मी वाचायची न्हाई.”

त्यानंतर आपण रसवंतीवर बसलो. तुम्ही निराश झाला होतात, पण बोलून दाखवत नव्हतात. रसाचा ग्लास दोन्ही हातांच्या तळव्यांत धरलेला होता. मी तो खालून अलगद धरून ठेवला. तुम्ही मला हाकललं नाही. आपल्या दोघींतलं काहीतरी त्या बाकावर बदललं, असं मला आता वाटतं. तेव्हा एवढंच वाटलं होतं, की साडीवर रस सांडायला नको.

पहिलं यंत्र वैशालीनं ऑनलाइन मागवलं. नावाजलेलं होतं, स्वस्त होतं, आणि हलकं तर इतकं, की तुमचा चेहरा उजळला. पण ते फक्त त्याच्याच कंपनीच्या दुकानातून विकत घेतलेली पुस्तकं नीट दाखवायचं. ग्रंथालयाचं ॲप त्यात चढेचना. तिनं कुठूनसं एक मराठी पुस्तक घालून दिलं, तर जोडाक्षरांचे पाय मोडलेले. ‘विद्यार्थी’ हा शब्द तीन तुकडे होऊन पडलेला. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत. “एवढी वर्षं मी विद्यार्थ्यांचे तुकडे केले,” म्हणालात, “पण इतके न्हाई.” ते यंत्र परत गेलं.

मी म्हणाले, आता पुरे. तुमच्या हट्टापायी पोरगी दमली. त्या रात्री तुम्ही जेवणही नीट केलं नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात पोरांना पेनं देता देता मीच वैशालीला फोन लावला. म्हटलं, “बटणवालं बघ. वापरलेलं चालंल. हळू चाललं तरी चालंल. पण ग्रंथालयाचं ॲप त्यात चढतंय का, ते आधी स्वतः चढवून बघ, मग पाठव.” हे फोनचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला वाटत राहिलं की वैशालीनं आपणहून शोधलं. वाटू दे म्हटलं. तुमचा भाचीवर तसाही फार जीव होता.

आलं ते तिच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी जुनं होतं. एक कोपरा खरचटलेला. चालू व्हायला वेळ घ्यायचं, पान उलटायलाही. पण उजव्या कडेला दोन बटणं होती, आणि तुम्ही ती बोटाच्या टोकानं नाही तर वाकड्या सांध्यानं दाबू शकत होतात. पहिलं पान उलटलं तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. “माझ्यासारखंच हाय,” म्हणालात, “सावकाश, पण उलटतंय.”

तो हिवाळा आपला चांगला गेला, आक्का. रस्त्यावरून उसाच्या गाड्या कारखान्याकडं जायच्या, धूळ दुकानात यायची, मी वह्यांवरून फडकं मारत असायचे आणि आतून त्या बटणाचा टक असा आवाज यायचा. पान उलटलं. थोड्या वेळानं पुन्हा टक. गिऱ्हाईक नसलं की मी तो आवाज ऐकत बसायचे. नवं पुस्तक घ्यायचं झालं की तुम्ही ओरडायचात, “शोभा, नेट सोड.” मग मी फोन घेऊन तुमच्या दारात उभी राहायचे, कारण भिंतीपलीकडून नेट यायचं नाही. पुस्तक उतरेपर्यंत मला तिथून हलता यायचं नाही. तेवढ्यात तुम्ही आधीच्या पुस्तकाची गोष्ट सांगायचात. कोण मेलं, कोण खोटं बोललं, लेखकाचं शेवटी कुठं चुकलं. मी किती गोष्टी अशा दारात उभी राहून ऐकल्या. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारायचं आणि मी म्हणायचे, “आले, पुस्तक उतरतंय.”

मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जायचं, त्यावरून आपलं वाजलं. मला ते बरं वाटायचं. दंड नाही, यष्टीची फेरी नाही, घरात पसारा नाही. तुम्हाला ते पटायचं नाही. “माणूस वाचत असताना हातातून काढून न्यायचं, ही काय रीत झाली?” मी म्हणायचे, रांगेत दुसरं कुणी थांबलेलं असतं. तुम्ही म्हणायचात, “थांबू दे की. मी बी थांबले होते.” हे भांडण तुम्ही मिटवलं नाही, मीही नाही.

शेवटचं पुस्तक तुम्ही शिमग्याच्या सुमाराला घेतलं. त्यात एक बाई चार दिवसांसाठी म्हणून बहिणीच्या घरी जाते आणि मग तिथंच राहते. वर्षं जातात. बहीण तोडून बोलते, घर लहान, पैशाची ओढाताण, तरी ही जात नाही. एका सकाळी चहा पिताना तुम्ही म्हणालात, “ही बाई अडकलीय. दुसरीकडं जागा न्हाई म्हणून राहिलीय.”

मी चुलीपाशी होते. म्हणाले, “न्हाई आक्का. तिला तिथं बरं वाटत असंल.”

“तू वाचलंस का?”

“न्हाई.”

“मग?”

“मला वाटतं.”

“वाटतं म्हणजे काय? सिद्ध कर.” तुम्ही चहा संपवलात. “पुढं कळंलच. निम्मं राहिलंय अजून.”

त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही गेलात. दुपार व्हायची होती. मी दुकानात एका बाईला बांगड्या भरत होते. टक ऐकू येत नव्हतं, पण गिऱ्हाईक बोलकं होतं, माझ्या ध्यानात आलं नाही. आत आले तर तुम्ही खुर्चीत बसलेल्या, चष्मा डोळ्यांवर, यंत्र मांडीवर, मान जराशी कलती. मला वाटलं, डुलकी लागली. मी पाणी प्यायले, तुमच्यासाठी तांब्या भरला आणि मग हाक मारली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. सगळे म्हणाले, भाग्याचं मरण. असेल. त्या घरातली शांतता मात्र कुणी भाग्याची म्हणू नये.

पाहुणे गेले. वैशालीनं मला पुण्याला चल म्हटलं, मी बघू म्हटलं, तीही गेली. मग एका दुपारी मी तुमचं यंत्र चार्ज करून उघडलं. मला फक्त बघायचं होतं, तुम्ही कुठं होतात. पण मुदत संपली होती आणि पुस्तक परत गेलं होतं. नुसतं मुखपृष्ठ राहिलेलं, आत काही नाही. आक्का, मी त्या वेळी तुमच्या बाजूची झाले. हातातून काढून न्यायची ही रीत खरोखर चांगली नाही.

मी तुमच्याच नावानं पुन्हा रांगेत नाव लावलं. वैशाली फोनवर म्हणाली, “आई, आत्याचं खातं आता बंद करायला पाहिजे.” मी म्हटलं, “करू की, घाई काय हाय?” ऊन तापायला लागलं, कारखान्याचा पट्टा पडला, उसाचं गाळप संपलं, रस्ता मोकळा झाला. पुढची माणसं एकेक करून वाचत असतील. मग एके दिवशी निरोप आला, पुस्तक तुमच्यासाठी तयार आहे. तुमच्यासाठी म्हणजे तुमच्याच नावानं. मी दुकानात उभी राहून तो निरोप वाचला, आणि तुम्ही आत नाही हे मला नव्यानं कळलं.

फोन घेऊन मी तुमच्या दारात जाऊन उभी राहिले. आता नेट कुठूनही सोडता आलं असतं, यंत्र माझ्याच हातात होतं. तरी दारातच उभी राहिले. पुस्तक उतरलं. गोष्ट सांगायला कुणी नव्हतं.

वाचायला मला बरेच दिवस लागले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाचायचे. तुम्ही अक्षर इतकं मोठं करून ठेवलंय की एका पानावर चार-पाच ओळीच मावतात. कुणी समोर बसून मोठ्यानं बोलल्यासारखं वाटतं. सुरुवातीला तुम्ही म्हणायचात तसंच झालं, सगळी माणसं दुकानातली वाटली. पुढं पुढं ती आपापल्या आवाजात बोलायला लागली. हे तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही ओठाचा कोपरा हलवला असता.

आणि आक्का, पुस्तक संपलं तरी ते कळत नाही. ती बाई अडकून राहिली की आपखुशीनं, हे लेखकानं शेवटपर्यंत सांगितलेलंच नाही. दोघी बहिणी अंगणात धान्य पाखडत बसतात आणि पुस्तक संपतं. मला असा संताप आला. मी वैशालीला फोन लावला. ती म्हणाली, “आई, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करते.” संध्याकाळी तिनं खरंच केला. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं. पुस्तकाचं काढायचा धीर झाला नाही. कुठून सुरुवात करणार? त्या बाईला ओळखणारं या गावात माझ्याशिवाय कुणी नाही, आणि तेलगावात पुस्तकावरून भांडायला दुसरी बाई कुठून आणू?

तेव्हा तुमच्याशीच बोलते. लेखकानं सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

ह्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर माझा भाऊ उमापूरहून जीप घेऊन मला न्यायला आला होता. माझी पेटी ओसरीवर आणून ठेवलेली होती. भाऊ म्हणाला, “चल ताई, इथं तुझं कोण हाय आता?” तुम्ही दुकानाच्या दारात पाठ करून उभ्या होतात. तुम्ही एवढंच म्हणालात, “जायचं तर जाऊ दे. मी हाय.” मी भावाला म्हणाले, दुकान कोण बघणार, एवढं उभं केलेलं दुकान. तो चिडून जीप घेऊन निघून गेला. गावानंही तेच धरलं, की शोभा दुकानासाठी राहिली. तुम्हीही तेच धरलं असणार, कारण तुम्ही कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी पेटी आत उचलून ठेवताना दुसरी कडी तुम्ही धरलीत, दुखऱ्या हातानं, आणि भाकरीला काय करायचं एवढंच विचारलंत.

दुकान विकता आलं असतं. घ्यायला माणूस तयार होता. उमापूरला मला खोली होती, भाचरं होती, भावजय चांगली होती. मला जायला जागा होती, आक्का. मला तुमच्याजवळ राहायचं होतं.